मूल स्थिर बसत नाही, तरी त्याचं चित्र कसं काढायचं

रविवारच्या चित्रवर्गाला येणाऱ्या आईबाबांच्या वह्या मी नियमित पाहते. आपल्या लहान मुलांची चित्रं काढायची म्हणून ते येतात आणि जवळजवळ प्रत्येक वहीत मला तेच दिसतं. फोनमधला हसरा फोटो समोर ठेवलेला असतो. त्यावरून आधी डोळे, मग पापण्या, मग नाक, ओठ, आणि शेवटी उरलेल्या जागेत कसंबसं डोकं. दोन वर्षांचं मूल चित्रात तिशीचं दिसतं. मग प्रत्यक्ष मुलाला समोर बसवून पाहतात. ते अर्ध्या मिनिटात पळतं आणि वही महिनाभर बंद होते.

दोन्ही अडचणींचं मूळ क्रमात आहे. सगळ्यात कठीण गोष्ट आपण सगळ्यात आधी करायला जातो. खाली दिलेला क्रम मी माझ्या दोन मुलांवर वापरला आहे; मुलगी आता सहा वर्षांची आहे, मुलगा दीड वर्षाचा. आधी प्रमाणं, मग झोपलेलं मूल, मग हलतं, मग आठवणीतलं. चेहरा त्यानंतर, आणि रंग त्याहून नंतर. प्रत्येक पायरीला निदान तीन-चार आठवडे द्या. घाई केलीत तर पुढच्या पायरीवर अडकाल आणि परत यावंच लागेल.

## १. तयारी: वही हाताशी, रंग हाताबाहेर

मूल एखाद्या छान बैठकीत दिसतं आणि ती बैठक मोडते, यात वीस-तीस सेकंद जातात. त्यातले पंधरा पेन्सिल शोधण्यात गेले तर हाती काही लागत नाही. म्हणून एक वही पुरत नाही, तीन लागतात. एक स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या फळीवर, एक उशाशी आणि एक बाहेर न्यायच्या पिशवीत. आकार ए५, कागद साधा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेच्या वहीचा नेहमीचा जाडसर कागद. महागडी वही घेऊ नका. भारी पानावर हात आखडतो.

प्रत्येक वहीसोबत एक ४बी किंवा ६बी, म्हणजे मऊ आणि गडद उमटणारी पेन्सिल आणि एक काळं बॉलपेन ठेवा. खोडरबर पहिले तीन महिने घरातच नको. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी बरोबर रेघ मारायची. नेमकं कुठे चुकत होतं हे पुढे त्या दोन रेघांमधल्या अंतरावरूनच कळतं.

कोळसा आणि सॉफ्ट पेस्टल मला फार आवडतात, पण रांगतं मूल घरात असेपर्यंत मी ती बाजूला ठेवली आहेत. त्यांची भुकटी जमिनीवर बसते आणि मुलाचं जग जमिनीवरच असतं.

सावधान: टर्पेंटाइन, थिनर आणि फिक्सेटिव्ह (रेघा पुसट होऊ नयेत म्हणून चित्रावर मारायचा फवारा) मूल असलेल्या खोलीत उघडू नका. पांढऱ्यात शिसं असलेला फ्लेक व्हाइट, तसेच कॅडमियम व कोबाल्टचे रंग मुलाच्या हाती लागता कामा नयेत. टर्पेंटाइन पोटात गेलंच तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी बोळा करून ठेवली तर आपोआप पेटू शकतात. ती मोकळी पसरून वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवून ठेवा. आणि ब्रश धुण्याचं पाणी कधीही चहाच्या कपात किंवा पिण्याच्या पेल्यात घेऊ नका.

मुलाला त्याची स्वतःची वही आणि जाड मेणखडू द्या. तुम्ही काढायला बसलात की तेही बसेल, निदान थोडा वेळ. माझ्या वहीच्या बऱ्याच पानांवर मुलीच्या रेघोट्या आहेत. त्या पानांवर मी पुढे काम करत नाही. ती पानं तिची.

प्रकाशाचं एकच सांगते: खोलीतला ट्यूबलाइट बंद करा आणि एका खिडकीच्या उजेडात काढा. ट्यूबलाइटमध्ये गालाची गोलाई दिसतच नाही, सगळं सपाट होतं.

तपासा: घरात कुठेही उभे असलात तरी दहा सेकंदांत पहिली रेघ मारता येते का? येत नसेल तर वहीची जागा बदला.

## २. प्रमाणं आधी हातात बसवा

मूल म्हणजे आकाराने कमी केलेला मोठा माणूस नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण हाताला ठाऊक नसतं. हात सवयीने मोठ्या माणसाचंच माप काढतो.

जन्मतः बाळाची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर असते आणि डोक्याचा घेर सुमारे ३५. वर्षाचं होईपर्यंत उंची ७५ च्या आसपास जाते, घेर ४५-४६ पर्यंत. पाचव्या वर्षी उंची ११० च्या जवळ पोचते आणि घेर असतो जेमतेम ५० किंवा ५१. म्हणजे पहिल्या वाढदिवसानंतरच्या चार वर्षांत मूल तीस सेंटिमीटरहून जास्त उंच होतं आणि डोक्याच्या घेरात फक्त पाचेक सेंटिमीटरची भर पडते. वाढतात ते पाय. वय दाखवायचं असेल तर डोकं आणि पाय यांचं नातं जुळायला हवं.

चित्रकाराच्या मापात सांगायचं तर नवजात बाळ साधारण चार डोक्यांचं (म्हणजे त्याची लांबी डोक्याच्या उंचीच्या चौपट), तीन वर्षांचं मूल पाच डोक्यांचं, पाच-सहा वर्षांचं साडेपाच ते सहा डोक्यांचं आणि मोठा माणूस सात-साडेसात डोक्यांचा. नवजात बाळाच्या शरीराचा मध्य बेंबीजवळ येतो, मोठ्या माणसाचा मांड्यांच्या सांध्याशी.

हात किती आखूड असतात त्यासाठी एक जुनी खूण आहे. पूर्वी जन्मदाखला नसेल तर डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान पकडता आला की मूल शाळेत घालायचं, असं गावोगाव चालायचं. लहान मुलाचा हात तिथवर पोचत नाही, कारण डोकं मोठं आणि हात आखूड. दोन-तीन वर्षांचं मूल दोन्ही हात वर करतं तेव्हा पंजे डोक्याच्या फारसे वर जात नाहीत. तुमच्या चित्रातलं मूल हात वर करून माठ उतरवू शकेल असं दिसत असेल, तर हात लांब झाले आहेत.

काय करायचं: मुलाची तीन जुनी पूर्णाकृती छायाचित्रं घ्या, वेगवेगळ्या वयांची. प्रत्येकावर डोक्याची उंची पेन्सिलने मोजा आणि ती पायापर्यंत किती वेळा बसते ते लिहा. मग फोटो उलटा ठेवून त्याच मापाच्या साध्या आकृत्या काढा, डोकं म्हणजे अंडं, धड म्हणजे भोपळा, चेहरा कोराच. रोज पाच, आठवडाभर.

नेहमीची चूक: मान. लहान मुलाची मान आखूड आणि डोक्याच्या मानाने बारीक असते. तान्ह्या बाळात ती जवळजवळ दिसतच नाही, हनुवटी थेट छातीवर टेकते. मान लांब किंवा जाड केलीत की वय एकदम वाढतं.

तपासा: घरातल्या दुसऱ्या कुणाला चेहरा नसलेली आकृती दाखवा आणि वय विचारा. सांगितलेलं वय वर्षभराच्या फरकात बरोबर आलं की पुढे चला.

## ३. झोपलेलं मूल

तेल लावून, न्हाऊ घालून, दूध पिऊन झोपलेलं बाळ हे तुमचं पहिलं मॉडेल. पण डोळे मिटले की लगेच सुरुवात करू नका. तान्ह्या बाळाची झोप सुरुवातीला चाळवलेली असते. पापण्यांखाली बुबुळं हलतात, ओठ चोखल्यासारखे होतात. पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. मुठी सैल पडल्या, बोटं उलगडली की काढायला घ्या. आता तुमच्याकडे अर्धा तास तरी आहे.

याच क्रमाने जा:

१. बाळ, दुपटं, गादी असं वेगवेगळं न करता सगळ्याचा मिळून एक बाहेरचा आकार काढा. तो त्रिकोणी आहे की लांबट, कोणत्या बाजूला झुकतो, एवढंच.

२. डोक्याचं अंडं काढा आणि त्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत जाणारी मधली रेघ. डोकं कुठे कललं आहे ते ही रेघ सांगते.

३. शरीर गादीला जिथे टेकतं तिथल्या गडद सावल्या. गालाखालची, कोपराखालची, टाचेखालची. या आधी द्यायच्या, कारण वजन त्यांच्यामुळेच दिसतं. या सावल्या नसल्या की बाळ हवेत तरंगतं.

४. छाती आणि पोट यांचे दोन गोल.

५. हात आणि पाय आधी हातमोजे-पायमोजे घातल्यासारखे, बोटांशिवाय. बोटं नंतर, तीही सगळी नाही. एखादा अंगठा आणि एखादी करंगळी स्पष्ट असली की बाकीची डोळा भरून घेतो.

६. सर्वांत शेवटी चेहरा. मिटलेली पापणी म्हणजे गोळ्यावरून फिरलेली एक वळणदार रेघ. पापणीचे केस काढू नका.

अडचण येते ती पाहण्याच्या कोनाची. पलंगाशेजारी बसून झोपलेल्या मुलाकडे पाहिलं की शरीर आखडलेलं दिसतं. पायाकडून पाहिलं तर तळवे मोठे आणि चेहरा अगदी लहान. डोक्याकडून पाहिलं तर टाळू आणि कपाळच अर्ध्याहून जास्त जागा घेतं आणि नाक हनुवटीच्या फार जवळ येतं. मेंदू म्हणतो, ‘पाय एवढे आखूड कसे असतील?’ आणि हात ते लांब करतो. हात ताठ करून पेन्सिल समोर धरा, तिच्यावर मोजा आणि मोजलेलं तसंच काढा, मनाला पटो न पटो.

सावधान: चित्रासाठी झोपलेल्या तान्ह्या बाळाला हलवू नका, पोटावर वळवू नका, तोंडाजवळ उशी, झालर किंवा ओढणी ‘छान दिसतं’ म्हणून रचू नका. वर्षाच्या आतल्या बाळाने पाठीवर आणि मोकळ्या गादीवर झोपावं. दिसतं तसं काढा. घडी, झालर हवीच असेल तर ती नंतर वेगळी पाहून काढता येते.

नुकतीच जावळं काढली असतील तर त्या दिवसांत रोज काढा. कवटीचा मागचा फुगीर भाग, कानामागचा उतार, कपाळाचे दोन उंचवटे, हे सगळं इतकं स्पष्ट पुन्हा दिसत नाही. मुलीच्या वेळी हे मला कळलं नव्हतं. मुलाच्या वेळी मी दोन आठवड्यांत अठ्ठावीस डोकी काढली, आणि आजही केसांखालचं डोकं काढताना मला त्याच पानांचा आधार वाटतो.

## ४. हलतं मूल: एका पानावर आठ अर्धवट चित्रं

वह्या बंद पडतात त्या याच पायरीवर, म्हणून इथे थोडं थांबते.

मूल थांबत नाही, पण त्याच त्याच बैठकीत परत परत येतं. सगळी युक्ती यात आहे. डाळीच्या डब्यांशी खेळणारं मूल उकिडवं बसतं, उठतं, डबा नेतं, परत येऊन तसंच उकिडवं बसतं. अर्ध्या तासात ते पंधरा वेळा तिथे येईल. म्हणून एकच चित्र पूर्ण करायचा हट्ट सोडा आणि एका पानावर एकाच वेळी अनेक चित्रं चालू ठेवा.

पद्धत अशी:

१. दहा सेकंद नुसतं पाहा. हात खाली. तीन गोष्टी शोधा: डोक्याचा कल, पाठीची रेघ, आणि वजन कशावर आहे.

२. फक्त या तीन रेघा मारा.

३. मूल हललं की ते चित्र जिथे आहे तिथे सोडा. पानावर दुसऱ्या जागी नवं सुरू करा.

४. मूल जुन्या बैठकीत परत आलं की जुन्या चित्राकडे जा आणि त्यात आणखी दोन-तीन रेघा भरा.

५. वीस मिनिटांनी थांबा. पानावर आठ-दहा अर्धवट आकृत्या असतील, त्यातल्या एक-दोन बऱ्यापैकी पूर्ण झालेल्या.

पहिल्या आठवड्यात ही पानं अगदी विस्कटलेली वाटतील. तशीच असायला हवीत. वर्गात माझ्याकडे पान दाखवताना लोक ‘हे अजून झालं नाहीये’ म्हणतात. पण पाठीच्या एका रेघेत ते मूल ओळखू येत असेल तर त्या पानाचं काम झालं.

पाहण्यासाठी या काही खुणा. नुकतं चालायला लागलेलं मूल पाय फाकवून टाकतं आणि तोल राखायला हात कोपरात वाकवून वर धरतं. पोट पुढे, कंबर आत. उकिडवं बसताना त्याच्या टाचा जमिनीला पूर्ण टेकतात आणि गुडघे काखेपाशी येतात. खूप मन लावून काही करत असेल तर तोंड किंचित उघडं असतं आणि खालचा ओठ लोंबतो. डच चित्रकार रेम्ब्राँचं एक रेखाटन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, दोन बायका एका मुलाला चालायला शिकवताना. लाल खडूच्या मोजक्या रेघांत त्या बायकांच्या वाकण्यातून आणि पुढे केलेल्या हातांतून मुलाची डळमळ कळते. तुम्हीही कधीतरी मुलाऐवजी त्याला धरणाऱ्या हातांपासून सुरुवात करून बघा.

थोडं जास्त थांबणारे क्षण घरात असतातच. वेणी घालून घेताना मुलगी पाच मिनिटं बसते. आजी गोष्ट सांगत असेल तर दहा. झोपाळा एका लयीत परत त्याच जागी येतो, म्हणून झोपाळ्यावरचं मूल काढणं वाटतं त्यापेक्षा सोपं. टीव्हीसमोरचं मूल सर्वांत स्थिर, मात्र त्या वेळी अंग सैल पडतं आणि चेहरा विझलेला असतो. मोजमापाच्या सरावापलीकडे त्याचा मला उपयोग झाला नाही.

नेहमीची चूक: ‘हलू नको ना, दोनच मिनिटं!’ हे एकदा म्हणालात की मूल तुमच्याकडे पाहायला लागतं, खांदे ताठ होतात, फोटोसाठीचं हसू येतं. चॉकलेटचं आमिष तर नकोच. मुलगी तीन वर्षांची असताना मी तिला इतक्या वेळा थांब म्हटलं की वही दिसली की ती दुसऱ्या खोलीत पळायची. ते पाहून मला फार वाईट वाटलं. पुढचे दोन महिने मी तिला काढलंच नाही. तिच्या चपला काढल्या, तिची बाहुली काढली, गॅलरीत येणारं मांजर काढलं. एक दिवस तीच शेजारी येऊन बसली आणि ‘आता माझे पाय काढ’ म्हणाली.

मूल रडत असेल तर वही खाली ठेवा आणि त्याला उचला. रडणारा चेहरा आठवणीतून काढता येतो.

तपासा: पानावरच्या सगळ्या आकृत्यांची डोकी हाताने झाका. मूल काय करतंय ते उरलेल्या शरीरावरून कळतं का?

## ५. आठवणीतून

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना ‘स्मरणचित्र’ हा पेपर आठवत असेल. त्यात आपण बहुतेक जण तयार आकृत्या पाठ करून जायचो: पतंग उडवणारा मुलगा, पाठमोरी बाई, छत्रीवाला माणूस. तीच पाठ आकृती आजही हातातून बाहेर येते आणि तुमच्या मुलाच्या जागी येऊन बसते. ती ओळखा आणि थांबवा.

इथे स्मरणाचा अर्थ वेगळा. दिवसात एकदा, मूल काही करत असताना, वही न उघडता दहापर्यंत मोजत पाहा. मनात शब्दांत नोंद करा: ‘डावा पाय दुमडलेला, उजवा पसरलेला, डोकं डाव्या खांद्याकडे, हात दिसत नाही.’ रात्री मूल झोपल्यावर पाच मिनिटांत ते काढा. दुसऱ्या दिवशी तीच बैठक दिसली की पडताळून पाहा आणि चूक त्याच पानावर दुसऱ्या रंगाच्या पेनाने दुरुस्त करा. महिन्याभराने दिवसा काढलेल्या रेघाही भराभर पडायला लागतात, कारण दर रेघेला मान वर करावी लागत नाही.

ज्यांच्या घरी दोन-तीन महिन्यांचं बाळ आहे आणि झोपच मिळत नाही, त्यांनी फक्त ही पायरी करावी. दिवसाला एक आकृती पुरे.

## ६. चेहरा, आता

मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतात. बाळाचे मध्याच्या खाली. मध्यावर येतात त्या भुवया. डोळे, नाक, तोंड हे सगळं खालच्या अर्ध्या भागात दाटीने बसलेलं असतं आणि वर मोठं कपाळ. हे एकच पाळलंत तरी ‘तिशीचं बाळ’ निम्मं सुटतं.

बाकी निम्मं इथे सुटतं: नाकाचा दांडा जवळजवळ नसतो, त्याला कडेची रेघ देऊ नका, फक्त नाकपुड्यांखालची सावली द्या. बुबुळ डोळ्यात जास्त जागा व्यापतं, पांढरा भाग कमी दिसतो आणि तो पांढराशुभ्र नसतो, वरच्या पापणीची सावली त्यावर पडते. भुवया फिकट. हनुवटी लहान आणि मागे गेलेली. काजळ घातलं असेल तर ते पापणीची सावली समजून थोडं कमी गडद करा, नाहीतर बाहुलीचे डोळे होतात.

सारखेपणा येतो तो अंतरांमुळे. नाक आणि वरच्या ओठातलं अंतर, दोन डोळ्यांमधलं, आणि तिरक्या चेहऱ्यात पलीकडच्या गालाचा बाहेरचा वळसा. माझ्या अनुभवात ओळख सर्वांत जास्त या गालाच्या वळशात असते. तो चुकला तर डोळे कितीही छान काढा, शेजारचं मूल दिसतं.

सुरुवात बाजूच्या चेहऱ्यापासून करा, मग तिरका, मग समोरचा. समोरचा चेहरा सगळ्यात अवघड, आणि फोटोंत नेमका तोच असतो.

फोटोबद्दल: फोन चेहऱ्याजवळ नेऊन काढलेल्या फोटोत नाक-गाल फुगतात आणि कान मागे जातात. पाच-सहा फूट लांबून काढा आणि नंतर चेहऱ्यापुरता भाग कापून घ्या. फ्लॅश बंद. आणि ज्या मुलाची निदान वीस प्रत्यक्ष रेखाटनं केली नाहीत त्याचं फोटोवरून चित्र काढू नका. फोटोने काय खोटं दाखवलं ते तुम्हाला कळणारच नाही.

नेहमीची चूक: दात. हसऱ्या तोंडात एकेक दात आखू नका. दातांचा एकच फिकट पट्टा ठेवा, किंवा तोंड मिटलेलं असतानाच काढा.

## ७. रंग

जलरंगांसाठी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कागद घ्या. याआधीचे सगळे पैसे वाचवलेत, ते इथे खर्च करा. पावसाळ्यात, विशेषतः कोकण-मुंबईकडे, कागद ओल धरतो आणि रंग डागाळतात. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद ठेवा. उन्हाळ्यात उलट, रंग लावता लावता वाळतो. कागद आधी मागून-पुढून ओला करून घ्या.

तयार ‘फ्लेश टिंट’ची ट्यूब बाजूला ठेवा. ती आपल्या मुलांच्या कातडीची नाही. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अलिझरिन क्रिमसन (गडद लाल) आणि अल्ट्रामरीन (निळा) एवढ्या चार रंगांत गव्हाळ ते काळासावळा सगळे वर्ण निघतात. गव्हाळ वर्णाला ऑकर जास्त. सावळ्याला बर्न्ट सिएना, आणि सावलीत त्यातच अल्ट्रामरीन. काळा रंग सावलीत घालू नका, कातडी मळकट दिसते. सावळ्या गालावर खिडकीचा उजेड पडतो तिथे तो निळसर थंड दिसतो. तो ओळखून सोडलात की चित्राला जीव येतो.

क्रम:

१. सर्वांत उजळ जागा सोडून चेहरा, कान, हात यांवर एकच पातळ उबदार थर.

२. तो ओलसर असतानाच गाल, नाकाचं टोक, कानाची पाळी, बोटांची टोकं, गुडघे इथे क्रिमसनचा थेंब. लहान मुलांचं रक्त कातडीजवळ दिसतं. कानामागे उजेड असेल तर पाळी पेटल्यासारखी लाल होते.

३. पूर्ण वाळू द्या.

४. सावली एकदाच, एका हाताने. त्यावर परत जाऊ नका.

५. केसांची कपाळाजवळची कड ओल्या कागदावर ओला रंग लावून, विरघळती. कडक रेघ दिलीत तर टोप घातल्यासारखा दिसतो.

तपासा: डोळे बारीक करून पाहा. चित्रात उजळ, मधला आणि गडद असे तीन भाग वेगळे दिसतात का? दिसत नसतील तर रंगात चूक नाही, छटेत, म्हणजे उजळ-गडदपणात आहे. आधी पेन्सिलने तीन छटांचं आगपेटीएवढं चित्र करून मग परत रंगवा.

## ८. मोठं चित्र जुळवताना

आता वहीतली पानं जमिनीवर पसरा. पाठ एका पानातून, हात दुसऱ्यातून, डोकं तिसऱ्यातून असं जुळवता येतं, पण एक अट आहे: प्रकाश एकाच बाजूचा हवा. म्हणून रेखाटताना पानाच्या कोपऱ्यात प्रकाश कुठून येतो त्याचा एक छोटा बाण काढायची सवय लावा.

चित्रकार सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. जलरंगातल्या त्या चित्रासाठी त्यांची स्वतःची मुलगी दिवा घेऊन उभी राहिली होती. एकच उजेड, आणि बोटांआडून झिरपणारा. पण ती जाणती मुलगी होती, उभी राहू शकली. तुमचं तीन वर्षांचं मूल राहणार नाही, आणि पेटता दिवा त्याच्या हाती द्यायचाही नाही. म्हणून प्रकाशाचा अभ्यास दुसऱ्या कशावर तरी करा. लोडाला परकर-पोलकं किंवा झबलं घाला, खिडकीत ठेवा आणि कापडाच्या घड्या निवांत काढा. दिव्याचा उजेड स्वतःच्या हातावर पाहा. मुलाकडून फक्त डोकं आणि बैठक घ्या, पाच-पाच मिनिटांत.

सगळं पूर्ण रंगवायची गरज नसते. इंग्लिश चित्रकार गेन्सबरोने आपल्या दोन मुली फुलपाखरामागे धावताना रंगवल्या, साधारण १७५६ मध्ये. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं ते चित्र अपूर्ण आहे. चेहऱ्यांवर काम झालं आहे आणि बराच भाग सैल सोडलेला आहे. चेहरा आणि एक हात नीट झाला असेल, तर फ्रॉकची नक्षी भरत बसण्याआधी चित्र दोन दिवस भिंतीला टेकवून ठेवा.

## ९. तारीख, वय आणि कपाट

प्रत्येक पानावर तारीख, मुलाचं वय महिन्यांसह आणि लागलेली मिनिटं लिहा: ‘१ वर्ष ४ महिने, ६ मिनिटं, न्हाऊन आल्यावर’. पेन्सिलची पानं पुसट होतात. फिक्सेटिव्ह मारायचं तर गच्चीवर, मूल जवळ नसताना.

तीन महिन्यांनी सगळी पानं एकत्र पाहा आणि एकच गोष्ट शोधा: वारंवार काय टाळलं आहे? माझ्या पहिल्या वर्षाच्या वह्यांत पावलं जवळजवळ नाहीत, सगळी दुपट्याखाली किंवा पानाबाहेर. मग एक महिना फक्त पावलं. कुणाचे हात लपलेले असतात, कुणाचे कान केसांखाली. मूल घरी नसताना हाच सराव एसटी स्टँडवरच्या माणसांवर करा, आरशात स्वतःच्या हातावर करा. मुलासमोर आलात की फरक दिसतो.

आंघोळीची, उघड्या अंगाची चित्रं काढायला काही हरकत नाही, पण ती घरातच राहू द्या. ऑनलाइन टाकायच्या चित्रावर मुलाचं पूर्ण नाव, शाळेचा गणवेश, घराचा पत्ता ओळखू येईल असं काही नको. मूल चार-पाच वर्षांचं झालं की दाखवण्याआधी त्यालाच विचारा. माझ्या मुलीने ‘हे नको’ म्हटलेली सात पानं मी एका पाकिटात घातली आणि ते पाकीट तिच्या कपाटात, तिच्या कप्प्यात ठेवलं आहे.